लग्नातला ध्रुव

सनीने जीपचा पाना दोन्ही हातांनी उचलून नवसूच्या नडगीवर घातला आणि हाड मोडलं. विठाने जन्मभर रानात लाकडं मोडली होती. आत अजून ओल असलेलं लाकूड मोडताना जसा आवाज येतो तसाच हा आवाज होता, आणि तो आपल्या नवऱ्याच्या पायातून आला हे कळायला तिला क्षणभर वेळ लागला. नवसू ओरडला नाही. खालचा ओठ त्याने इतका चावला की हनुवटीवर रक्त आलं.

"व्हिडिओ कुठंय, बोल," सनी म्हणाला. "अजून एक पाय आहे तुला. मला टाइमच टाइम आहे."

नवसू ठाकर म्हणजे मोडेन पण वाकणार नाही अशा जातकुळीचा माणूस, वाडीत त्यावरून त्याची थट्टाही व्हायची. आज तो खरोखरच मोडला होता आणि तरी वाकत नव्हता. त्याचे हात पाठीमागे बांधलेले होते. विठाला बांधायची कुणाला गरज वाटली नव्हती. पंचेचाळिशीची, हाडकुळी, करवंदं विकणारी बाई. सुजित नावाच्या एका पोरसवदा गड्याने तिचे केस मुठीत धरले होते, तेवढं पुरे असं त्यांना वाटलं.

भांडण साधं होतं. कुळगावच्या हिंदुरावांचा हा मुलगा सनी टँकर चालवायचा. कारखान्यातलं नासकं पाणी भरून न्यायचं आणि कुणी बघत नसेल तिथे ओतायचं, हा धंदा. गेल्या महिन्यात त्याने ते विठाच्या वाडीवरच्या डोहात ओतलं. चार म्हशी पाणी पिऊन तिथेच आडव्या झाल्या. डोहावर धुणं धुणाऱ्या बायकांच्या हातांची सालटं निघाली. विठाच्या तळव्यांवर अजून लाल चट्टे होते. दुसऱ्या खेपेला नवसू झाडावर चढून बसला आणि मोबाइलमध्ये सगळं टिपून घेतलं. टँकर, नंबर, आणि पाइप धरून उभा राहिलेला सनी. सोमवारी वाडीतली माणसं ते घेऊन तालुक्याला जाणार होती. आज शनिवार होता.

म्हणून सनी, सुजित आणि भावेश असे तिघे करवंदाच्या वाटेवर दबा धरून बसले. नवरा-बायकोला कोयत्याच्या धाकाने वाट सोडून तासभर आत नेलं, चढ चढवले, घळीत उतरवलं, पार दिवस बुडेपर्यंत. आणि येताना तिघांनीही मोबाइल घरी ठेवले होते. मोबाइल जिथे जातो तिथली खबर टॉवरला लागते, मग पोलिस पकडतात, हे सनीला पक्कं ठाऊक होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. तिघांत मिळून उजेडाचं साधन म्हणजे भावेशच्या हातातली एक बॅटरी, आणि वाट माहीत असलेली माणसं दोनच, ज्यांना ते मारायला आले होते.

"सनीदादा, त्यांना सोडा," विठा म्हणाली. "मी सांगतंय व्हिडिओ कुठं हाय."

"विठे, गप," नवसू म्हणाला.

ती गप्प राहिली नाही, पण तिला पुढचं बोलताही आलं नाही. कारण सनीने कोयता घेतला, नवसूला कुशीवर पाडून त्याचे बांधलेले हात मागच्या एका दगडावर ठेवले आणि घाव घातला. डाव्या हाताची दोन बोटं तुटून पाचोळ्यात पडली. दोरीही तुटली. या वेळी मात्र नवसू ओरडला, आणि ते ओरडणं माणसाचं नव्हतं.

विठाला राग आला असं म्हणणं कमीच पडेल. तिच्या डोक्यात काही उरलंच नाही. तिने मान वळवून सुजितच्या मनगटात दात रुतवले ते थेट हाडापर्यंत. केस सुटले तसा पायाजवळचा धोंडा उचलून तिने भावेशच्या बॅटरीच्या हातावर हाणला. त्याची बोटं आणि काच एकदमच फुटली. बॅटरी खाली पडून तिरकी जळत राहिली, तिच्यावर विठाने आणखी दोनदा धोंडा घातला. मग घळीत असा काळोख झाला की स्वतःचा हात दिसेना. अवसेची रात्र होती.

सनी कोयता फिरवत सुटला. एका फटक्याला मांसात रुतल्याचा आवाज आला आणि सुजित किंचाळला, "अबे मी आहे, मी! हात कापला माझा!" शिव्या, धडपड, काट्यात फाटणारे कपडे. विठा जमिनीसरशी होऊन करवंदीच्या जाळीखाली शिरली. काटे पाठीत घुसले, घुसू दे. तिने श्वास रोखला. नवसूकडे जायचं होतं, पण मध्ये सनीचे पाय होते.

बराच वेळ तिघे चाचपडत राहिले. सुजित रडत होता. भावेश म्हणाला, "भाई, चल इथून. याच्या हाताचं रक्त थांबत नाही. कुठून आलो तेच कळत नाही मला." सनी म्हणाला, कळतंय मला. पण त्याच्या आवाजातच कळत होतं की त्याला काहीही कळत नाही. अंधारात माणसाला भीती लपवता येते, ती फक्त डोळ्यांतली.

मग सनीचा पाय नवसूच्या मोडक्या नडगीवर पडला. नवसूचं ओरडणं ऐकून तो तिथेच गुडघ्यांवर बसला आणि चाचपून त्याने त्याची मान शोधली.

"विठा," तो हाक मारून म्हणाला, "तू इथंच आहेस, मला माहितीये. कोयता याच्या गळ्यावर आहे. जीप लावली तो रस्ता कुठल्या बाजूला आहे सांग. आम्ही निघून जातो. नाही सांगितलंस तर आत्ता कापतो."

जाळीखाली विठाच्या मनात पहिली गोष्ट आली ती वाघोबाची. वाडीच्या वेशीवर त्याचा शेंदरी दगड आहे आणि त्याच्यासमोर प्रत्येक पोराला एकदा तरी बजावलेलं असतं: रानात वाट विचारणाऱ्याला खोटी वाट सांगायची नाही. मग तो कुणी का असेना, फॉरेस्टचा साहेब असो की चोर. खोटी वाट सांगणाऱ्याला वाघोबा एक दिवस स्वतः वाट विचारायला येतो. विठाच्या बापाने हे तिला शेतातल्या माळ्यावर बसून सांगितलं होतं. भाताची राखण करताना आभाळ दाखवून त्याने आणखीही एक गोष्ट सांगितली होती. एका म्हातारीची बाज तीन चोर उचलून नेतायत. चार चांदण्या म्हणजे बाजेचे चार खूर, मागच्या तीन म्हणजे चोर. जन्मभर चालले तरी चोर काही लांब जात नाहीत, कारण सगळं आभाळ एका खुंट्याला बांधलेलं आहे आणि त्याच्याभोवतीच त्यांना फिरावं लागतं. चोरांपासून लांबचे जे दोन खूर, त्यांच्या रेघेत सरळ पुढे बघ. खुंटा मोठा नाही, झगमगत नाही, उगाच कुणाच्या डोळ्यात भरत नाही. पण तो हलत नाही. त्याच्याकडे तोंड केलंस की उत्तर.

रस्ता उत्तरेलाच होता. एक टेकाड, एक माळ आणि मग बदलापूरहून येणारी डांबरी सडक. नवसूचा जीव वाचवायचा तर खरंच सांगायचं, असं तिने ठरवलं. खुंटा म्हटलं तर कुळगावच्या माणसाला कळायचं नाही, म्हणून ती शहरातला शब्द बोलली.

"रस्ता उत्तरंला हाय, दादा. ध्रुवाकडं तोंड ठेवा आन सरळ चाला. डावं-उजवं करू नका. अर्ध्या तासात सडक लागंल. वाघोबाची आण, खरं सांगतंय."

"ध्रुव," सनी म्हणाला, आणि त्याला हायसं वाटलेलं तिला ऐकू आलं. "ध्रुव मला माहितीये. माझ्या लग्नात पाहिलाय. तो काय समोर, सगळ्यात मोठा. आणि त्याच्या खाली बघ भावेश, उजेड पण दिसतोय बदलापूरचा. बरोबर बोलते म्हातारी."

विठाने जाळीतून मान बाहेर काढली. चांदण्यांवर त्याच्या हाताची काळी सावली उठून दिसत होती. तो हात मावळतीकडे होता. मावळतीला शुक्र पेटला होता, देवळातल्या समईसारखा.

आणि मग तिला सगळं आठवलं. दोन वर्षांपूर्वी खरवईच्या एका लॉनवर सनीचं लग्न झालं, तेव्हा वाडीतल्या बायका भांडी घासायला गेल्या होत्या, तीही होती. संध्याकाळ झाली होती. भटजींना पुढचं लग्न गाठायचं होतं. ते म्हणाले, चला, ध्रुव बघा, आटपा. हॅलोजनच्या झगमगाटात आभाळ कुणाला दिसतंय. उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातून आलेल्या फोटोवाल्याने नवरानवरीला खांद्याला धरून मावळतीकडे वळवलं, कारण तिकडे फुलांची कमान होती. "भाई, वो बडावाला, वही है. हात ऊपर." सनीने बोट दाखवलं, नवरीने मान वर केली, फोटो निघाला. खरकट्या परातीमागे विठा आणि बायका पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. शुक्राला ध्रुव म्हणतायत, संसार धड चालला म्हणजे मिळवली.

शुक्राच्या बाजूला जुनी दगडाची खदान होती. बंद पडलेली, कुंपण नसलेली, सत्तर-ऐंशी फूट सरळ तुटलेली. खुंट्याकडे जाणाऱ्याला ती लागत नाही म्हणून तिने खदानीचं नावही घेतलं नव्हतं.

तिने तोंड उघडलं. हे खरं आहे आणि पुढे जे झालं त्यामुळे ते खोटं होत नाही. "तो नव्हं, दादा," हे शब्द तिच्या जिभेवर आले होते. चोर असला तरी वाट विचारली होती त्याने.

तेवढ्यात सनी म्हणाला, "थँक्यू, विठाबाई," आणि गळ्यावरचा कोयता उचलून नवसूवर घातला. अंधारामुळे घाव मानेवर बसला नाही, खांद्यात बसला, ओल्या लाकडात रुतावा तसा. कोयता उपसून काढायला सनीला पाय लावावा लागला. नवसूच्या घशातून हवा गेल्यासारखा आवाज आला आणि मग काहीच आवाज आला नाही.

"खतम," सनी म्हणाला. "चला. बाईला नंतर बघू, वाडी काय पळून जात नाही."

विठाने जिभेवरचे शब्द गिळले. तिघांच्या पावलांचा आवाज तिने कान देऊन ऐकला. पुढे सनी, मागे भावेश, आणि सगळ्यात मागे हात पोटाशी धरून कण्हणारा सुजित. पावलं मावळतीकडेच गेली. तिला आनंद झाला. असा आनंद तिला पोरांच्या बारशालाही झाला नव्हता, आणि त्याची लाज तिला कितीतरी दिवसांनी वाटली.

मग ती नवसूकडे सरपटत गेली. त्याच्या तोंडाशी गाल लावला तेव्हा गरम श्वास लागला. लुगड्याचा पदर फाडून तिने खांद्याच्या जखमेत कोंबला, गुडघ्याने दाबून धरला, वरून त्याच्याच हाताची तुटकी दोरी आवळली. पायाला दोन काठ्या लावल्या. बोटं शोधायला वेळ नव्हता. त्याला पाठीवर घेतलं तेव्हा त्याचं रक्त तिच्या मानेवरून छातीवर उतरलं. नवसू अंगाने फार नव्हता, पण बेशुद्ध माणूस पोत्याहून जड होतो.

घळीतून ती वर आली आणि आभाळाकडे बघितलं. बाज होती. उलटी टांगलेली, चोर उजव्या अंगाला. लांबच्या दोन खुरांची रेघ तिने डोळ्याने खाली ओढली, बापाने शिकवलं होतं तशी, दोन खुरांमधलं अंतर पाच वेळा मोजत. टेकाडाच्या दोन मुठी वर खुंटा होता. बारीकसा, कुणाला दाखवला तरी "हा होय?" असं म्हणेल असा. तिने त्याच्याकडे तोंड केलं आणि चालायला लागली.

झाडी आली की खुंटा जायचा, मग ती थांबायची. माणूस अंधारात थांबला नाही तर गोल फिरतो, हेही बापाचंच. पानांतून तो पुन्हा दिसला की पाऊल टाकायचं. दोनदा ती पडली. दुसऱ्यांदा पडली तेव्हा नवसू शुद्धीवर आला आणि म्हणाला, "टाक मला."

"गप ऱ्हा," ती म्हणाली. "लई बोलतूस."

टेकाडाच्या माथ्यावर पोचली तेव्हा डाव्या अंगाने, लांबून, आवाज आला. आधी दगड घसरले. मग एक किंकाळी, खालीखाली जाणारी. तिच्यावर चढलेली दुसरी. दोन्ही एकदम तुटल्या. मग कुणीतरी वरून हाका मारत राहिलं, "भाई, भाई," म्हणून. तो सुजित होता. हात कापला म्हणून मागे राहिला आणि मागे राहिला म्हणून जगला.

विठा उभी राहिली, एक श्वास घेईपर्यंत. मग तिने पुन्हा खुंट्याकडे तोंड केलं.

सडकेवर तिला जयदेव नावाच्या माणसाचा भाजीचा टेम्पो मिळाला. रक्ताने माखलेली बाई रस्त्याच्या मधोमध उभी बघून तो आधी पळूनच जाणार होता. पण ती बाजूला झाली नाही. कोथिंबिरीच्या जुड्यांवर नवसूला घालून त्याने उल्हासनगरच्या दवाखान्यात पोचवलं. नवसू वाचला. डावा हात खांद्याच्या वर जात नाही, दोन बोटं नाहीत, चालताना पाय ओढतो. सोमवारी व्हिडिओ तालुक्याला गेला. तो मोबाइल कणगीत, भाताच्या खाली ठेवलेला होता.

पोलिसांनी विठाला विचारलं. सुजितने जबाब दिला होता की बाईने ध्रुवाकडे चालायला सांगितलं आणि सनी म्हणाला ध्रुव मला माहीत आहे. साहेबांनी हवालदाराला जागेवर पाठवलं. हवालदाराने मोबाइलवर दिशा बघितली आणि येऊन सांगितलं, उत्तरेलाच रस्ता आहे, बाई खरं बोलते. साहेबांनी तसं लिहून घेतलं. विठाने अंगठा केला. खरंच तर होतं ते.

महिना उलटल्यावर एका संध्याकाळी सनीची बायको सोनिया वाडीवर आली. एकटीच आली. रिक्षा सडकेवर उभी करून, टेकाड आणि माळ तुडवत, मोबाइलच्या उजेडात. कपाळ मोकळं, पोट सहा महिन्यांचं. नवसू ओटीवर बाजेवर पडला होता. विठाने पाणी दिलं. सोनियाने तांब्या हातात धरला, प्यायली नाही.

"भांडायला नाही आले," ती म्हणाली. "त्यांनी तुमच्याशी काय केलं ते कळलंय मला. एकच विचारायचंय, त्याच्यापायी झोप लागत नाही. ह्यांना ध्रुव माहीत होता. गच्चीवर नेऊन मला किती वेळा दाखवायचे, आपल्या लग्नातला म्हणून. तुम्ही पण वाट खरीच सांगितली म्हणतात. मग ते चुकले कसे?"

बाजेवरून नवसूने मान हलवली. नको सांगू. विठाने ते पाहिलं. अंधारात माणूस चुकतो बाय, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पोरीने तेवढ्यावर तांब्या ठेवला असता आणि गेली असती. पण रान होतं, आणि समोरचं माणूस वाट विचारत होतं.

ती सोनियाला अंगणात घेऊन गेली. "कुठला दावायचे?"

सोनियाने बोट केलं. मावळतीला शुक्र होता. विठाने ते बोट आपल्या खरखरीत हातात धरलं, हळूच फिरवून वाडीच्या वरच्या टेकाडाकडे नेलं आणि खुंट्यावर थांबवलं.

"ध्रुव ह्यो. तुमच्या लग्नात दावला त्यो शुक्र. मी भांडी घासाया व्हते तिथं."

सोनियाने त्या बारीक चांदणीकडे बघितलं. "म्हणजे त्या दिवशी," ती म्हणाली, "त्यांनी बोट केलं तेव्हा तुम्हाला कळलं होतं?"

"व्हय."

"आणि तुम्ही बोलला नाहीत."

"बोलणार व्हते. मंग त्यानं ह्यांच्यावर कोयता घातला. मंग नाय बोलले."

सोनियाने तिच्या थोबाडीत मारली. सगळा जोर लावून मारली. विठाचा ओठ फुटला. ओटीवर नवसू उठायला धडपडला, तिने हाताने त्याला थांबवलं. सोनिया मारलेला हात दुसऱ्या हातात धरून उभी होती. मोबाइल हातातून कधीच पडला होता आणि त्याचा उजेड गेला होता. तिने आजूबाजूला बघितलं. काळोख दाटला होता, सडक कुठल्या बाजूला राहिली हे तिला कळत नव्हतं, आणि विचारायला ती तयार नव्हती.

विठाने तोंडातलं रक्त थुंकलं, खुंटीवरची बॅटरी घेतली आणि तिच्या पुढे झाली.

"माझ्या मागं चाला," ती म्हणाली. "पायाखाली बघून. डाव्या अंगाला खदान हाय."